रेंडर चालू आहे

"दोन वाजले," मागून कोणीतरी म्हणालं.

"अभिनंदन," ती मान न वळवता म्हणाली.

तिला वाटलं, पंखा दुरुस्त करणारा असेल. आत्याने सकाळीच त्याला फोन केला होता. पण मग नाकाला पोहण्याच्या तलावाचा वास लागला – लहानपणी डोळे चुरचुरायचे ना, तोच – आणि तिने खुर्ची गर्रकन फिरवली. दारात एक उंच माणूस उभा होता. केस ओले, खांद्यावर टॉवेल, आणि बगलेत, लोक छत्री धरतात तसा, चक्क एक कीबोर्ड.

"नाही, म्हणजे... दोनपासून हे मशीन माझं आहे," तो म्हणाला. "तसं ठरलंय."

"कोणाशी?"

"आत्यांशी."

"आत्या माझी आहे," ती म्हणाली. "आणि मशीनही माझंच आहे."

तेवढ्यात आतल्या खोलीतून बिजागऱ्यांचा डबा घेऊन आत्या आली. तिने दोघांकडे पाहिलं आणि जीभ चावली. "अगं, तुला सांगायचं राहूनच गेलं."

आत्याचा धंदा स्वयंपाकघरं करून देण्याचा. फरशीच्या दुकानाच्या वर तिचं दोन खोल्यांचं ऑफिस होतं. एका खोलीत लॅमिनेटचे नमुने, कपाटांची हँडलं आणि आत्या. दुसरीत भाची आणि कॉम्प्युटर. हल्लीची गिऱ्हाइकं ओटा बांधायच्या आधी तो कसा दिसेल याचं हुबेहूब चित्र मागतात. ते चित्र तयार करायला कॉम्प्युटर उजेडाचा हिशोब करत बसतो – खिडकीतून किती आला, कशावर पडला, तिथून कुठे उडाला. त्याला म्हणायचं रेंडर. त्यासाठी आत्याने जिवावर उदार होऊन भारीतलं ग्राफिक्स कार्ड घेतलं होतं. पण दोननंतर भाची टेप घेऊन लोकांच्या घरी मापं घ्यायला जायची आणि कार्ड नुसतं बसून राहायचं. आत्याला माणूस बसलेला एक वेळ चालायचा, यंत्र बसलेलं चालायचं नाही.

"हे माझे सर," आत्या म्हणाली. साठी जवळ आल्यावर तिने पोहायला शिकायचं मनावर घेतलं होतं. "सकाळी तलावावर शिकवतात, आणि दुपारी खेळ बनवतात. कॉम्प्युटरवरचे. त्यांच्या घरच्या डबड्यावर ते होत नाही म्हणे. मग मी म्हटलं, आमचं आहेच की."

खेळ म्हटल्यावर भाचीचे कान टवकारले. पण खुर्ची सोडायला काही ती तयार नव्हती. चित्र जपून ठेवण्याच्या नावाखाली तिने जमेल तेवढा वेळ काढला आणि शेवटी उठली.

"तुमची सिस्टीम मला चालणार नाही," तो संकोचून म्हणाला. "मी शनिवारी येऊन दुसरी टाकून गेलोय, त्याच मशीनवर. आता रीस्टार्ट केलं की ते विचारेल, कोणती हवी."

"म्हणजे माझ्या मशीनच्या पोटात तुम्ही आणखी एक मशीन बसवलंत?"

"अर्ध्याच पोटात," तो म्हणाला.

त्याची सिस्टीम फुकटात मिळणारी, तिची विकतची. तेवढं कारण भांडायला पुरेसं होतं.

"फुकटचं ते फुकटचंच," ती म्हणाली.

"तुम्ही भाड्याच्या घरात राहता. भिंतीला खिळा ठोकायचा तरी घरमालकाला विचारायचं. माझं घर मी स्वतः बांधलंय."

"गळतं का?"

"गळतं," तो कबूल झाला. "पण कुठे गळतं ते मला माहीत आहे."

ती टेप घेऊन तरातरा निघून गेली. जिन्यात मात्र तिला हसू फुटलं.

पहिले काही दिवस त्या एका टेबलावर छुपी लढाई चालली. सकाळी ती येऊन बसायची तर पाय जमिनीला लागायचे नाहीत, कारण उंच माणसाने खुर्ची उंच करून ठेवलेली. तो डावखुरा; माउस दुसऱ्या बाजूला गेलेला असायचा. रीस्टार्ट झालं की मशीन काही सेकंद वाट पाहायचं, आणि कोणी काही निवडलं नाही तर आपल्या मनाने सिस्टीम सुरू करायचं. ते मन त्याने आपल्या बाजूने वळवून ठेवलं होतं. सकाळी कॉफी आणायला गेलं की परत येईपर्यंत स्क्रीनवर त्याची सिस्टीम हजर. तिने ते बदललं. त्याने परत बदललं. शेवटी त्याला चार शब्द सुनवावेत म्हणून ती दोन वाजून गेले तरी थांबू लागली.

"काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं बडवत बसायचं, याला तुम्ही आधुनिक म्हणता?"

"आणि माउसने पंधरा वेळा 'पुढे, पुढे, पुढे' दाबण्याला तुम्ही काय म्हणता?"

"सोय."

"मी त्याला ढकलगाडी म्हणतो."

"बरं, खेळ तरी चालतात का तुमच्या त्या घरात?"

"हल्ली बरेच चालतात."

"बरेच म्हणजे?"

"म्हणजे... रविवार सगळा जुळवाजुळवीत घालवला, की संध्याकाळी चालतात."

हे त्याने इतक्या सरळ चेहऱ्याने सांगितलं की तिला रागावता येईना. मग तिनेही सांगून टाकलं, की रोज संध्याकाळी ती बंदुकीचे खेळ खेळते, तिथे सगळे तिला 'कात्री' म्हणतात, आणि कात्रीच्या वाटेला शहाणी माणसं जात नाहीत. फोनवर बोट घासत खेळणं म्हणजे खेळणं नव्हे, हे तिचं मत. हल्ली कच्चा खेळ विकतात आणि मग दर आठवड्याला त्याचे तुकडे पाठवत बसतात, हे त्याचं मत. कीबोर्डला आवाज असावा, यावर दोघांचंही एकमत झालं. कीबोर्डला रंगीत दिवे असावेत की नाही यावर मात्र पुन्हा वाजलं.

"तुमचा खेळ दाखवा की," एक दिवस ती म्हणाली.

त्याच्या खेळात बारा मजल्यांची एक इमारत होती आणि तिच्यात एक लिफ्ट. खेळणाऱ्याने लिफ्ट चालवायची. माणसं आत यायची, दोन शब्द बोलायची, आपापल्या मजल्यावर उतरून जायची. दार बंद होत असताना लांबून कोणीतरी पळत येताना दिसायचं, आणि आपण ठरवायचं – दार धरून ठेवायचं की नाही.

"यात मरतं कोण?"

"कोणी नाही."

"जिंकतं कोण?"

"तेही कोणी नाही."

"मग खेळायचं कशाला?"

"दुसऱ्या मजल्यावरचे आजोबा रोज तळमजल्यावर जाऊन तसेच परत का येतात, ते कळायला."

"लिफ्टमन आहात झालं," ती नाक मुरडून म्हणाली, आणि ते नाव त्याला चिकटलं. पण त्या संध्याकाळी ऐन लढाईत तिच्या डोक्यात ते आजोबा शिरले. का जात असतील खाली? त्या नादात कात्री दोनदा मेली.

पुढे जे झालं त्याला तिच्याच सिस्टीमने हातभार लावला. दोनला थोडा वेळ असताना तिने मशीन बंद करायला घेतलं, तर त्याने अपडेट काढलं. निळा पडदा, मधोमध फिरणारं कडं, आणि खाली 'कृपया कॉम्प्युटर बंद करू नका'. तो आला तेव्हा कडं फिरतच होतं.

"किती वेळ?"

"ते त्यालाच माहीत."

"घरातून बाहेर पडायलासुद्धा घरमालकाची परवानगी," तो म्हणाला, आणि हँडलांच्या रिकाम्या खोक्यावर बसला.

बोलायला मशीन नव्हतं, तेव्हा ती दोघं एकमेकांशी बोलली. तिने सांगितलं, आत्या बिजागऱ्यांबद्दल बोलली की तिच्या फोनवर बिजागऱ्यांच्या जाहिराती येतात. "माझाही फोन ऐकतो. एकदा त्याच्यासमोर रडले, तर रुमालाची जाहिरात दाखवली."

"खरंच?"

"नाही. पण दाखवली असती तर बरं वाटलं असतं."

तो हसला नाही. "का रडलात?"

"असंच... एक जण होता. तो म्हणायचा, हे खेळबिळ सोड आता, जरा मोठी हो."

"मग?"

"मग त्यालाच सोडलं."

"माझी आई म्हणते, घोड्याएवढा झालास, अजून खेळतोस," तो म्हणाला. "तिला कितीदा सांगितलं, खेळत नाही, बनवतोय. ती म्हणते, ते तर आणखीच वाईट."

मग तो तलावाबद्दल बोलला. पहिल्या दिवशी माणसं काठ कशी घट्ट धरून ठेवतात, अगदी बोटं पांढरी पडेपर्यंत. तो कधीच 'सोडा' म्हणत नाही. शेजारी पाण्यात उभा राहतो, आपोआप सोडतात. तो बोलत असताना त्याच्या केसांतून पाण्याचा एक थेंब तिच्या कीबोर्डवर पडला. दोघांनी एकदमच हात पुढे केला – तिने बाहीने पुसायला, त्याने टॉवेलने – आणि बोटं बोटांवर आली. "सॉरी," तो म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले. तेवढ्या मोठ्या माणसाचे कान इतके लाल होतात याची तिला फार गंमत वाटली.

कडं थांबलं. अपडेट झालं. इतक्या लवकर? अपडेट लवकर उरकलं म्हणून हळहळणारं माणूस त्या गावात तरी दुसरं नसेल.

दुसऱ्या दिवशी अपडेट नव्हतं. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नव्हतं. दोनच्या ठोक्याला मशीन रिकामं, तो खुर्चीत आणि ती जिन्यात. विनाकारण तिथे रेंगाळणं तिच्याने होईना. बंदूक घेऊन दहा जणांवर चालून जाणारी कात्री, पण 'मी थोडा वेळ बसू का' हे पाच शब्द काही तोंडातून निघत नव्हते.

मग एका गिऱ्हाइकाने काचेची फळी मागितली. काच म्हटली की उजेड तिच्या आत शिरतो, वाकतो, पलीकडून निघतो, आणि मशीनचा हिशोब वाढता वाढता वाढतो. ते रेंडर दोन वाजून गेले तरी संपेना. ते अर्धवट सोडून सिस्टीम बदलली तर सगळं पहिल्यापासून करायचं. त्यामुळे तो पुन्हा खोक्यावर बसला, आणि दोघांची दुपार पुन्हा छान गेली.

पुढच्या स्वयंपाकघरात काच नव्हती. तिने ओट्यावर एक काचेची बरणी ठेवली. एकच. काय बिघडतंय? त्याच्या पुढच्यात बरण्यांची एक ओळ आली. मग पेले आले. मग पाण्याने भरलेलं एक काचेचं भांडं आलं, कारण काच आणि पाणी एकत्र आलं की मशीनच्या नाकी नऊ येतात, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"झालं नाही अजून?" तो दारातून विचारायचा.

"रेंडर चालू आहे," ती निरागस चेहऱ्याने सांगायची.

तो खोकं ओढायचा. आत्याच्या सुरीने सफरचंद कापायचा आणि अर्धं तिला द्यायचा. एकदा स्क्रीनकडे बघून म्हणाला, "हल्ली लोकांना काच फार आवडते, नाही?"

"फार," ती म्हणाली, आणि सफरचंदाचा मोठा घास घेतला.

रेंडर संपलं की ती लगेच उठायची नाही. त्याने खेळात काय नवीन केलंय ते बघायला थांबायची, आणि बघता बघता तो मोडून दाखवायची. लिफ्टचं बटण सारखं सारखं दाबून तिने एकदा लिफ्ट गच्चीच्याही वर आभाळात नेली. दुसरा कोणी असता तर रागावला असता. हा आनंदाने खोक्यावरून उठला. "हे कसं केलंत? परत करा." आपण काहीतरी बिघडवावं आणि समोरच्याचा चेहरा असा उजळावा, हे तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच होत होतं. तिला तो आवडला होता. स्वतःशी तरी ती ते आता नाकारत नव्हती.

एका बाईंनी चित्र बघून ओटा पसंत केला आणि विचारलं, या बरण्या तुमच्याकडेच मिळतील का. त्या गेल्यावर आत्याने चष्म्यावरून भाचीकडे पाहिलं. "आपण बरण्या कधीपासून ठेवायला लागलो?"

"सजावट गं, आत्या."

"हं," आत्या म्हणाली. आत्याचं 'हं' कधीच नुसतं 'हं' नसायचं.

आणि मग एका शुक्रवारी तो आला, पण खोक्यावर बसलाच नाही. कीबोर्ड बगलेतच ठेवून उभा राहिला.

"सोमवारपासून मी येणार नाही," तो म्हणाला. "आत्यांना सांगतो आता."

"का?"

त्याने सांगितलं. नवीन बनवणाऱ्यांच्या खेळांचं एक प्रदर्शन होतं. निवड झाली की माणसं तो खेळतात, आणि पुढचा सगळा रस्ता उघडतो. त्यासाठी पहिले पाच मजले पूर्ण चालते करून पाठवायचे होते, आणि तारीख तोंडावर आली होती. तीनच झाले होते. गावाच्या दुसऱ्या टोकाला एका ओळखीच्याकडे मशीन होतं, दुपारभर मोकळं मिळणार होतं.

"तुमचं काम आधी, ते बरोबरच आहे," तो म्हणाला. "पण माझी अर्धी दुपार खोक्यावर जाते. वाईट नाही जात... उलट..." तो थांबला. "पण खेळ पुढे सरकत नाही. मीच हळू आहे बहुतेक. मला येतच नाही की काय, असं वाटायला लागलंय."

स्क्रीनवर एका छोट्याशा ओट्यावर बरण्या ओळीने उभ्या होत्या आणि मशीन त्यांच्यातून उजेड आरपार नेत बसलं होतं. गप्प राहिलं तर तो तिच्याबद्दल चांगलं मत घेऊन जाईल, पण स्वतःबद्दल वाईट. बोललं तर उलटं. आणि दोन्हीकडून तो जाणारच.

"थांबा," ती म्हणाली. "हे... हे पाच मिनिटांत झालं असतं."

"काय?"

"हे स्वयंपाकघर. या बरण्या गिऱ्हाइकाने मागितलेल्या नाहीत. मी ठेवल्यात. आजच नाही, गेला महिनाभर. रेंडर लांबावं म्हणून."

"पण का?"

"लांबलं की तुम्ही बसता."

त्याने स्क्रीनवरच्या बरण्यांकडे पाहिलं. त्याचे कान या वेळी लाल झाले नाहीत.

"दोन मजले गेले माझे त्यात," तो हळू आवाजात म्हणाला. "मी घरी जाऊन स्वतःला शिव्या द्यायचो."

तो निघून गेला. दुपारभर मशीन त्याचं होतं आणि त्यावर कोणीच बसलं नाही. रेंडर यथावकाश संपलं. चित्र फार सुंदर आलं होतं. तिने ते पुसून टाकलं आणि बरण्यांशिवायचं रेंडर लावलं. ते पाच मिनिटंसुद्धा चाललं नाही.

आत्याला तिने सगळं सांगितलं. आत्याने लॅमिनेटचे नमुने रंगांप्रमाणे लावता लावता ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाली, "तरीच."

"रागाव तरी."

"तू स्वतःवर रागावली आहेस तेवढं पुरे आहे. आता करणार काय?"

"तारखेपर्यंत मशीन दिवसभर त्यांना देऊ या. मी हाताने काढेन चित्रं. तू काढायचीस ना पूर्वी."

आत्याने कपाळाला हात लावला. पण मग उठून कपाटाच्या तळातून आपला जुना ड्रॉइंग बोर्ड काढला, आणि पेन्सिलीला टोक करून भाचीच्या हातात दिली. "आधी उजेड कुठून येतोय ते ठरव," ती म्हणाली. "मग बाकीचं."

सोमवारी सकाळी आत्या तलावात उतरली तेव्हा तिने काठ धरायच्या आधीच सरांना गाठलं. काय बोलली ते तिने भाचीला पूर्ण सांगितलं नाही. एवढंच म्हणाली, "सांगितलं त्यांना, की अकरापासून मशीन रिकामं आहे, आणि भाचीच्या रेषा वाकड्या येतायत पण ती काढतेय."

त्या दिवशी तो आला नाही. तिने एक सिंक पाच वेळा खोडला. हाताने काढताना 'मागे जा' असं बटण नसतं, हे तिला त्या दिवशी नीट कळलं.

मंगळवारी अकरा वाजता जिन्यात पावलं वाजली. तो आत आला, खुर्ची उंच केली, कीबोर्ड जोडला.

"मशीन दिवसभर तुमचं," ती बोर्डवरून मान वर न करता म्हणाली. "कोणती सिस्टीम हवी, ते आता विचारणारसुद्धा नाही. सरळ तुमचीच सुरू होईल."

"हं," तो म्हणाला. आत्याचं 'हं' तिला वाचता यायचं, हे येईना.

पुढचे दिवस एका खोलीत दोन आवाज होते: त्याच्या कीबोर्डचा आणि तिच्या खोडरबराचा. पण तिच्या लक्षात आलं, की पहिल्यासारखी एकमेकांची वाट बघायची पाळी आता नव्हती. दोघं तिथेच होती, सबंध दिवस. चौथा मजला झाला. तिचं एक अख्खं स्वयंपाकघर सरळ रेषांत उभं राहिलं, आणि आत्याने ते उजेडाकडे धरून नुसतीच मान हलवली.

"कात्री," एक दिवस तो म्हणाला.

तिची पेन्सिल थांबली. "हं?"

"पाचव्या मजल्याचं दार नीट चालतंय की नाही, कळत नाहीये. जरा मोडून बघता?"

ती उठली. खोक्यावर बसली. दार धरलं, सोडलं, माणूस अर्धा आत असताना बटण दाबलं, आजोबांना लिफ्टमध्ये बसवून मजला बदलला. चौथ्या खेपेला दार उघडंच राहिलं आणि लिफ्ट निघून गेली.

"तुटलं," ती म्हणाली.

"छान," तो म्हणाला, आणि लिहून घेतलं. मग स्क्रीनकडे बघतच बोलला, "राग आला होता मला."

"दिसलं ते."

"अजून थोडा आहे."

"किती?"

त्याने विचार केला. "एक मजला. पण... तुम्ही मला आवडताही. दोन्ही एकाच मशीनवर आहेत सध्या."

तिने खोकं थोडं त्याच्याकडे वळवलं. "मग... सुरू कुठलं करणार?" तिने कसंबसं विचारलं.

"बघा ना. राग निवडायचं रोज ठरवून येतो. आणि इथे आलो की निवडायचा राहूनच जातो." त्याने डोक्यावरून हात फिरवला. "आणि मी तरी कुठे धुतल्या तांदळासारखा आहे? दोनला यायचं असायचं, तर पावणेदोनलाच येऊन खाली फरशा बघत उभा राहायचो. लवकर वर आलो तर तुम्हाला कळेल म्हणून. दुकानदार रोज विचारतो, घराचं कुठवर आलं."

"मग काय सांगता त्याला?"

"पाया खणतोय म्हणतो."

ती खो-खो हसली. आतल्या खोलीत आत्याने हँडलांचा डबा मुद्दाम मोठ्याने खाली ठेवला.

पाच मजले तारखेच्या आधी गेले. प्रदर्शनात निवड होईल की नाही ते कळायला वेळ होता. पण त्याला आता 'मला येत नाही' असं वाटत नव्हतं. खेळाचं पुढचं काम लिहिण्याचं होतं, माणसांच्या बोलण्याचं, आणि तेवढं घरच्या डबड्यावर होण्यासारखं होतं. ठरलेले दिवसही संपले होते. आत्याने त्याला सांगून टाकलं, की पोहताना नाकात पाणी जाणं थांबेपर्यंत तो तिचा सर आहे, मग तिच्या ऑफिसात असो की नसो.

त्याने कीबोर्डची वायर गुंडाळली. जाताना खुर्ची खाली केली, अगदी तिच्या पायांच्या मापाने. ती बोर्डवर वाकून एकाच रेषेवरून पेन्सिल फिरवत होती. उद्यापासून मशीन पुन्हा तिचं होतं, दिवसभर, कोणी मागणारं नाही. दोन महिन्यांपूर्वी तिला यापेक्षा जास्त काही नको होतं.

तो दारापर्यंत गेला आणि थांबला.

"उद्या मला इथे काहीच काम नाही," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"मशीनही नको आहे."

"तेही माहीत आहे."

"तरी मी येणार आहे." त्याचे कान लाल झाले होते, पण तो तिच्याकडेच बघत होता. "दोन वाजता. तुमचं काम चालू असलं तरी, नसलं तरी. चालेल?"

तिने पेन्सिल खाली ठेवली. किती दिवस तिने यासाठी कारणं रचली होती, आणि त्याने एकही कारण न देता विचारलं होतं. तेव्हा तिनेही द्यायचं नाही असं ठरवलं.

"चालेल," ती म्हणाली. "आणि पावणेदोनला आलास, तर खाली फरशा बघत उभा राहू नकोस. सरळ वर ये."